डाव्या बाजूचं दार

जळकोट, ता. तुळजापूर
दि. ९ फेब्रुवारी १९८६

चि. व्यंकट यास,

उत्तरेश्वरदादाचा सप्रेम जयभीम. वि. वि. पत्रास कारण की, गाडी चालली. सोलापूरच्या भंगारातनं आणलेलं रिक्षाचं इंजिन तुला दिवाळीत दाखवलं होतं, ते आता चार चाकांच्या सांगाड्यावर बसलं हाय. क्लच आन् गेर दोन्ही हातात. पायाला फक्त ब्रेक, तोबी उजव्या. म्हंजे आपल्या चांगुणाचा अधू डावा पाय कुठं वापरावाच लागत न्हाय. फौजेत चौदा वर्षं ट्रक खोलले-जोडले, पर ह्या बारक्या गाडीनं माझा घाम काढला. पासिंगच्या साहेबानं ब्रेक बघितला, अपंगाची गाडी म्हणून कागदबी दिला. बॉडी सवडीनं करा म्हणाले.

चिंचवाडीच्या दूध सोसायटीत चांगुणा सेक्रेटरी म्हणून लागली त्याला तीन महिने झाले. आपल्या वस्तीतली बाई मापाला बसली म्हणून पहिल्या आठवड्यात चार घरांनी दूधच घातलं न्हवतं. आता घालत्यात, कारण ती कुणाच्या दुधाची फॅट कमी-जास्त लिहीत न्हाय. पर साडेपाचला तिथं पोचावं लागतं आन् सव्वासहाला टेम्पो दूध घेऊन निघतो. तीन मैलांची वाट, एस.टी. न्हाय. सध्या ज्ञानोबाच्या बैलगाडीत बसून जाती, पर दुष्काळानं बैलांत जीव राहिला न्हाय. कमिटीनं सांगून ठेवलंय की सहा महिन्यांत तीनदा उशीर झाला तर दुसरा माणूस बघू. दुसरा माणूस म्हंजे चेअरमनचा भाचा.

चांगुणा म्हणती की उद्यापासनं सांगाड्यावरच जाते. म्या न्हाय म्हणलं. काल स्टँडपतूर नेली तर टपरीवरचे लोक खुर्चीला चाकं फुटली म्हणून हसले. आपली बहीण सेक्रेटरी झाली, ती असल्या सांगाड्यावर बसून जाणार व्हय? रसूलभाईकडं पत्रे टाकलेत. नाक, मडगार्ड, दोन दारं, मागचं खोकं, समदं तो ठोकून देणार. तू रंगाच्या खात्यात हायस, तर रंग कोणचा द्यावा ते कळव.

आईचा गुडघा जरा बरा हाय. जेवणाची हयगय करू नको. घरची आठवण ठेवून असावं.

तुझा,
उत्तरेश्वरदादा


पिंपरी
दि. २० फेब्रुवारी १९८६

ती. दादांस,

धाकट्या व्यंकटचा सविनय जयभीम. वि. वि. पत्र वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. खात्यातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या सुपरवायझरांना तर खरंच वाटेना.

दादा, ब्रशचा रंग आता विसरा. उन्हाळा संपायच्या आत पोपडे निघतील. आमच्याकडं पावडरचा रंग सुरू झालाय. त्यात ओलं काही नसतंच. पिठासारखी कोरडी पावडर विजेच्या बंदुकीतनं उडवायची, ती पत्र्याला आपसूक चिकटते. मग भट्टीत दोनशे डिग्रीला पंधरा मिनिटं भाजायची. अशी एकजीव होते की नखानं निघणार नाही, खडा लागला तरी टवका उडणार नाही. शनिवारच्या शेवटच्या लॉटला कपाटांचा निळा रंग असतो, त्यात आपला माल लटकवायची परवानगी मी काढलीय. सगळी भोकं आधी पाडून पाठवा, नंतर ड्रिल फिरवलं की रंगाची कड उडते.

ताईला म्हणावं, थोडी कळ काढ. सांगाड्यावर बसून गेलीस तर टपरीवरचं हसणं मला इथं पिंपरीत ऐकू येईल. महिन्याभराची तर गोष्ट आहे. अशी गाडी देतो की चेअरमन स्वतः उठून दार उघडायला येईल.

आईच्या पायावर डोकं. लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा.

आपला,
व्यंकट


जळकोट
दि. १४ मार्च १९८६

चि. व्यंकट यास,

सप्रेम जयभीम. वि. वि. रसूलभाईनं काम सुरेख केलंय. दारं हातात घेऊन वाजवली तर ढोलकीगत नाद निघतो. जोड कुठं हाय ते बोटाला लागत न्हाय. पोत्यात बांधून समदं कांद्याच्या ट्रकमधनं पाठवलं हाय, मार्केट यार्डातनं सोडवून घे.

दारं बसवून बघताना सीटवर मीच बसलो होतो. छान ऐसपैस हाय. हँडल छातीला लागत न्हाय. दार लावलं तर कोपराला चार बोटं जागा राहती.

सोमवारी चांगुणाला पहिला उशीर लागला. ज्ञानोबा कडबा आणायला लांब गेला होता, त्याची वाट बघण्यात वेळ गेला. रजिस्टरात लाल शाईनं लिहिलंय म्हणून घरी येऊन जेवली न्हाय. तवा तुझी पावडर लवकर मार आन् माल धाड. इथं रोज लोक ईचारत्यात की गाडी कवा दिसणार.

तब्येतीला जप. घरचं सारं ठीक हाय, काळजी नसावी.

तुझा,
उत्तरेश्वरदादा


पिंपरी
दि. ३१ मार्च १९८६

ती. दादांस,

सविनय जयभीम. वि. वि. हे पत्र मी रागात लिहितोय, लहान तोंडी मोठा घास वाटला तर माफ करा.

शनिवारी आपला माल भट्टीत घातला. पंधरा मिनिटांनी दार उघडलं तर दारं दारं राहिलेली नव्हती. सगळे जोड सुटून पत्रे हुकांना लोंबत होते. नाकाचे तीन तुकडे. आणि जोडातलं कथील वितळून खालच्या ट्रॉलीवर ठिबकलेलं. त्या ट्रॉलीवर कंपनीची अकरा कपाटं होती, दादा. अकराच्या अकरा डागाळली.

पत्रे कथलाच्या डाखानं जोडलेत हे तुम्ही मला एका ओळीनं कळवलं नाहीत. डाख दोनशे डिग्रीला टिकतो का? मी इतकं सविस्तर लिहिलं होतं. सुपरवायझरांनी मला सगळ्यांच्या देखत उभं-आडवं घेतलं. घरच्या भानगडी कारखान्यात आणायच्या नाहीत म्हणाले. आता प्रत्येक रविवारी येऊन ती कपाटं घासून द्यायची शिक्षा आहे, हजेरी नाही. आयटीआयला दोन वर्षं घासून ही नोकरी मिळवलीय, ती रसूलचाचांच्या कथलापायी जाता जाता राहिली.

तुकडे परत ट्रकनं पाठवलेत. काय करायचं ते तुम्ही ठरवा. माझं डोकं चालत नाही.

राग मनात ठेवू नये, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

व्यंकट


जळकोट
दि. ८ एप्रिल १९८६

चि. व्यंकट यास,

जयभीम. तुझं पत्र पोचलं. डाखानं न्हाय तर काय गुळानं चिकटवायचं होतं? रसूलभाई तीस वर्षं बादल्या, घागरी, दुधाचे कॅन डाखानंच जोडतोय. ह्या गावात एक घर दाखव जिथं त्याचा डाख सुटलाय. तू एवढं सविस्तर लिहिलंस ना, मग जोड कशाचा हाय हे का न्हाय ईचारलंस? तुला भट्टी ठाऊक, आमाला डाख ठाऊक. दोघांनीबी दुसऱ्याला ठाऊक हाय असं धरलं.

तुझं पत्र म्या रसूलभाईला वाचून दाखवायला नको होतं. त्यानं चष्मा काढून ठेवला. त्याची बायको हसीनाबी म्हणाली, आमच्या मालकांना आजवर कुणी असं लिहिलं न्हवतं. दुसऱ्या दिवशी तो समदे तुकडे घेऊन सायकलवर नळदुर्गाला गेला. तिथं वेल्डिंगवाल्याच्या शेजारी बसून दोन दिवस जोड करून आणले, जिथं वेल्डिंगनं पत्रा जळतो तिथं रिबिटा मारल्या. मेहनताना घेईना. परत पाठवतोय. आता काय सुटणार न्हाय, तुझ्या भट्टीला सांग.

ह्या गडबडीत चांगुणाला दुसरा उशीर लागला. बैल वाटेतच बसला. ती बाभळीखाली काठीवर टेकून तासभर उभी होती. आता एकच उरला. ती पुन्हा सांगाड्यावर जाते म्हणाली तर मी तिच्यावर ओरडलो. इतकं करून-सवरून आता तसंच जायचं तर मग केलं कशाला?

रागावलो तरी तू माझा लहान भाऊ हायस हे इसरलेलो न्हाय.

उत्तरेश्वरदादा


जळकोट
दि. १७ एप्रिल १९८६

चि. व्यंकट यास,

चांगुणाताईचे आशीर्वाद व जयभीम. पोस्टकार्डावर जागा कमी म्हणून मुद्द्याचंच लिहिते. गाडी फेब्रुवारीपासून चालते आहे. मी तिच्यावर बसून पाहिलं आहे, पाय बाजूला लांब सोडला की नीट बसता येतं. मला एवढंच पुरे आहे. माझा एकच उशीर शिल्लक आहे. तू दादांना लिही की पत्रे येईपर्यंत हिला सांगाडा नेऊ द्या. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. लोक हसले तर मला हसतील, तुम्हाला दोघांना नाही. कार्ड संपलं. गोडी असू द्यावी.

चांगुणा


पिंपरी
दि. ५ मे १९८६

सौ. म्हणवत नाही म्हणून नुसतीच, सेक्रेटरीणबाई ताईस,

व्यंकटचा जयभीम. वि. वि. तुझं कार्ड म्हणजे तहसील कचेरीची नोटीस वाटली. ताई, आता शेवटच्या घडीला कच खाऊ नकोस. परवा शनिवारी माल भट्टीतनं निघाला, एक जोड हलला नाही. निळा रंग असा आलाय की दारात तोंड दिसतं. सुपरवायझरांनी स्वतः बोटानं टिचकी मारून बघितली आणि मला म्हणाले, जा, पुढच्या रविवारी येऊ नकोस. रसूलचाचांना माझा सलाम सांग, आणि मी लिहिलं ते मनाला लावून घेऊ नका म्हणावं. मला फार वाईट वाटतंय.

माल आजच रवाना केलाय. दहा दिवसांत तुझी गाडी तयार. तोवर ज्ञानोबाला अर्धा तास लवकर उठव, त्याच्या बैलांना गोंजार. दादांना मी सांगाड्याचं काही लिहिणार नाही. त्यांनी चार महिने ह्या गाडीवर जीव टाकलाय. पहिल्यांदा निघेल ती पुरी होऊनच निघू दे.

पहिल्या फेरीचं पत्र मला तुझ्या हातचं हवं. धाकट्यावर माया असावी.

तुझा,
व्यंकट


जळकोट
दि. १८ मे १९८६

चि. व्यंकट यास,

सप्रेम जयभीम. वि. वि. गाडी पुरी झाली. पर कशी झाली ते ऐक, म्हंजे तुझी पावडरबी काय चीज हाय ते तुला कळंल.

माल उघडला, रंग बघून गल्ली गोळा झाली. मग बसवायला घेतला तर एक बोल्ट भोकात जाईना. रंगाचा थर भोकात बसून भोकं बारकी झालेली. ड्रिल फिरवलं तर कड उडती. शेवटी कानशीचं टोक घेऊन एकेक भोक हातानं पोखरलं, बावीस भोकं. नाक बसवलं तर मडगार्ड पुढं येतंय, मडगार्ड दाबलं तर नाक वर उचलतंय. एकदा तर पाना भिरकावून दिला आन् दोन दिवस गाडीकडं बघितलं न्हाय. आईनं पाना धुऊन माझ्या ताटाशेजारी ठेवला.

लई छळलं ते डाव्या दारानं. उजवं बिचारं पहिल्या दिवशी बसलं. डावं खाली घासायचं. बिजागरीखाली वायसर घातलं तर वर फट पडायची. वायसर काढलं की पुन्हा घासायचं. नऊ वेळा उतरवलं आन् नऊ वेळा चढवलं. रसूलभाईनं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून कडेला लावली, तवा कुठं बसलं. आता दोन बोटांनी लोटलं तरी कट् करून लागतं. चांगुणाला म्या सांगून ठेवलंय, पूर्ण होईस्तोवर हात लावायचा न्हाय, बोटं उमटत्यात.

शुक्रवारी बुद्धपौर्णिमा हाय. त्या दिवशी पहाटे पहिल्यांदा काढू. चांगुणा म्हणत होती उद्याच नेते. म्या म्हणलं, चार महिने थांबलीस, चार दिवसांनी काय होतंय. ज्ञानोबाला सांगितलंय की शुक्रवारपासनं येऊ नको, बैलांना इसावा दे. त्याचेबी हाल संपले.

तू असायला पायजे होतास. तुझ्या वाटचा पेढा रसूलभाईला देईन.

तुझा,
उत्तरेश्वरदादा


जळकोट
दि. २७ मे १९८६

चि. व्यंकट यास,

चांगुणाताईचे आशीर्वाद व जयभीम. वि. वि. पहिल्या फेरीचं पत्र तू माझ्या हातचं मागितलं होतंस, ते लिहिते आहे. आधी वाचून घे, मग जेव.

पौर्णिमेला पहाटे सगळी गल्ली दारात होती. आईनं पांढरं लुगडं नेसलं होतं. रसूलचाचा नमाज आटपून आले. गाडी खरंच देखणी झाली आहे व्यंकट, खोटं कशाला बोलू. दादांनी डावं दार उघडून धरलं आणि मी पाठ टेकवून बसले. मग पाय आत घ्यायला गेले तर येईना. माझ्या पायाचा लोखंडी पट्टा गुडघ्यात वाकत नाही, हे तुम्हा दोघांना ठाऊक आहे. पाय सरळच राहतो. सांगाड्यावर तो बाजूला लांब सोडता येत होता. आता पुढं नाकाचा पत्रा आणि बाजूला दार. तिरकी झाले, उजव्या बाजूनं चढले, आईनं पट्ट्याला धरून ओढलं. टाच दाराच्या चौकटीबाहेर वीतभर राहते ती राहतेच. दादा म्हणत होते, थोडं अजून, थोडं अजून. मग रसूलचाचांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ते बाजूला झाले.

तुम्ही भोकांचं माप घेतलंत, रंगाच्या थराचं घेतलंत. दादांनी स्वतः बसून कोपराला किती जागा राहते ते बघितलं. माझं माप कुणी घेतलं नाही. मला त्या गाडीत एकदाही बसवून बघितलं नाही, कारण बोटं उमटतात. मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

दार उतरवायचं त्या गोंधळात कुणालाच सुचलं नाही, आणि बैलगाडी येणार नव्हती. रसूलचाचांनी मला सायकलच्या कॅरिअरला बसवलं आणि तीन मैल चालत, सायकल ढकलत नेलं. मी पोचले तेव्हा पावणेसात वाजले होते, टेम्पो निघून गेला होता. बायका भांडी घेऊन बसून होत्या. त्यातल्या गौराबाईचं दूध तिथंच नासलं. तिनं माझा घाम पुसायला पदर पुढं केला. रागावली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी कमिटी बसली, शनिवारपासून चेअरमनचा भाचा मापाला बसतो आहे.

आता दादांचं ऐक. दोन दिवस पांघरूण घेऊन पडून होते. तिसऱ्या दिवशी उठून फूटपट्टी घेऊन बसले. नवं, रुंद दार करायचं, नाक पुढं काढायचं आणि सगळं पुन्हा पिंपरीला पावडरीला पाठवायचं, असा बेत आहे. त्याचं पत्र तुला येईल. व्यंकट, तू त्याला हो म्हणालास तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही.

काल दादा नळदुर्गाला पत्रा बघायला गेले होते. मी दहा नंबरचा पाना घेतला आणि डावं दार उतरवलं. बोल्ट घट्ट होते, दोन ठिकाणी रंगाचा टवका उडाला. मग गाडीत बसले, पाय बाहेर लांब सोडला, इंजिन चालू केलं आणि स्टँडला वळसा घालून आले. टपरीवरचे हसले की नाही ते मी बघितलं नाही, समोर रस्ता होता.

परत आले तर दादा दारात उभे. मला वाटलं आता ओरडतील. ते उतरवलेल्या दाराकडं बघत राहिले, मग माझ्या पायाकडं. खाली बसून त्यांनी पट्ट्याला हात लावला आणि विचारलं की असा बाहेर लोंबता ठेवून पाय दुखतो का गं. मी अठ्ठावीस वर्षांची आहे. हे आजवर मला घरात कुणी विचारलेलं नव्हतं. मी म्हणाले, हो, फार दुखतो. मग दादांनी घरातली जुनी उशी आणून पाय ठेवायच्या फळीच्या कडेला टाचेखाली बांधली, सुतळीनं. ती एका मिनिटात बसली.

गौराबाई आणि चिंचवाडीच्या एकतीस बायकांनी माझ्यासाठी अर्जावर अंगठे दिले आहेत. उस्मानाबादेला सहकार खात्याच्या साहेबांसमोर ९ जूनला सुनावणी आहे. दादा शेजारी बसतील, गाडी मी चालवणार आहे. सकाळी अकराला तिथं असायला हवं आणि ह्या वेळी मला उशीर करायचा नाही. तुला रजा मिळाली तर ये. हात हलवत ये, बरोबर काही आणू नकोस. तोपर्यंत ह्या घरात कुणीही कशालाही रंग लावणार नाही.

जेवण वेळेवर घेत जा. तुझ्यावर माया आहे, ती रागासकट घ्यावी.

तुझी,
चांगुणाताई